पद्मिनीचा छंद आणि त्यातून धंदा

जुन्या गाड्यांच्या छंदातून धंदा करायचा असेल, तर पूर्ण गाडी रिस्टोअर करायचं, म्हणजे पुन्हा नव्यासारखी करायचं काम सुरुवातीला मुळीच अंगावर घेऊ नकोस. पैसा महिनोन्‌महिने अडकतो आणि गिऱ्हाईकही नाराज होतं. एकच पार्ट धर. माझं ऐकशील तर प्रीमियर पद्मिनीच्या ब्रेकचे व्हील सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने चाकातला ब्रेक लावणारे छोटे सिलिंडर. कुर्ल्यात ही गाडी बनायची बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली, पण लोक ती जिवापाड जपतात, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्यामुळे हे काम येतच राहतं. ब्रेक ऑइल ओलावा धरतं, मग सिलिंडर आतून गंजतो, बारीक खड्डे पडतात. नवं रबर किट टाकलं तरी ऑइल झिरपतंच. तेव्हा सिलिंडर आतून कापून मोठा करायचा (बोअर करायचा), त्यात स्टेनलेस स्टीलचा स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी बसवायची आणि ती आतून घासून गुळगुळीत करत मूळ मापाला आणायची, म्हणजेच होन करायची. मापासाठी साध्या व्हर्नियरवर भागवू नकोस, आतला व्यास अचूक मोजणारा बोअर गेज घे. बोअर करायला लेथ मशीन लगेच घ्यायची गरज नाही, पुण्याजवळ भोसरीत ते काम मजुरीवर (जॉबवर्क) करून मिळतं. होनिंग आणि प्रेशर टेस्ट मात्र स्वतःच्याच हातात ठेव. कुणाचा तरी जीव त्यावर असतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. आणि गाडीवाल्या मित्रांनाही पहिल्या कामापासून रीतसर बिल दे.