बटण एक, अक्षर दुसरेच
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : कालपर्यंत कीबोर्ड नीट चालत होता. आज शिफ्ट धरून २ दाबले, की @ ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटते आणि अवतरणचिन्हाच्या बटणावर @ येतो. ३ वर # च्या जागी £ दिसतो. नवा कीबोर्ड घ्यावा लागेल का?

उत्तर : नाही, तुमचा कीबोर्ड धडधाकट आहे. मुळात कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवतच नाही. अमुक जागेवरचे बटण दाबले गेले, एवढे सांगणारा एक क्रमांक तो पाठवतो. बटणावर काय छापले आहे, हे त्याला ठाऊक नसते. त्या क्रमांकाचे अक्षर करण्याचे काम विंडोज करते आणि त्यासाठी निवडलेल्या तक्त्याला लेआउट म्हणतात. तुमच्याकडे अमेरिकी लेआउटच्या जागी ब्रिटिश लेआउट लागला आहे. बहुतेक वेळा डावे ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबले गेल्याने असे होते.

विंडोजचे बटण धरून स्पेसबार दाबा. बसवलेल्या लेआउटची यादी दिसेल, त्यातून ‘यूएस’ निवडा. कायमचा बंदोबस्त करायचा असेल, तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन असे जा. इंग्रजी भाषेच्या ओळीतल्या तीन टिंबांवर क्लिक करून लँग्वेज ऑप्शन्स उघडा. तिथे कीबोर्ड्सखाली आधी ‘यूएस’ जोडा आणि मगच ‘युनायटेड किंगडम’ काढा. एकुलता एक लेआउट विंडोज काढू देत नाही, म्हणून हा क्रम पाळायचा. ऑल्ट-शिफ्टचा त्रास वारंवार होत असेल, तर टाइम अँड लँग्वेजमध्येच टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज इथे जाऊन ती जोडी ‘नॉट असाइन्ड’ करून टाका.

मात्र आधी बटणांवर नजर टाका. ३ च्या बटणावर £ छापलेला असेल आणि एंटर दोन ओळींएवढे उंच असेल, तर कीबोर्डच ब्रिटिश आहे आणि लागलेला लेआउट बरोबर आहे.

नेहमी त्याच बटणावर तेच चुकीचे चिन्ह येत असेल, तर दोष सेटिंगमध्ये असण्याची शक्यता सर्वाधिक. कोणता लेआउट लागला आहे, हे चुकांवरूनच ओळखता येते. वाय आणि झेड यांची अदलाबदल झाली असेल, तर जर्मन. ए-क्यू आणि डब्ल्यू-झेड या जोड्या उलटल्या असतील, तर फ्रेंच. अवतरणचिन्ह दाबल्यावर काहीच उमटत नाही आणि पुढचा स्वर दाबताच á सारखे अक्षर येते, असे असेल तर ‘यूएस इंटरनॅशनल’. या शेवटच्या लेआउटमध्ये चिन्हानंतर स्पेस दाबली, की ते सुटे उमटते. पण रोजच्या कामाला साधा ‘यूएस’च बरा.

प्रश्न : लॅपटॉपवर यू, आय, ओ दाबले की ४, ५, ६ येतात. बाकीची बरीच अक्षरे ठीक आहेत.

उत्तर : नम लॉक चालू आहे. वेगळा आकड्यांचा भाग नसलेल्या काही लॅपटॉपमध्ये उजव्या हाताची अक्षरे आकडे होतात : जे, के, एल वर १, २, ३ आणि एम वर ०. एफएन धरून नम लॉकचे बटण दाबा. ते सापडत नसेल, तर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा, त्याच्या ऑप्शन्समध्ये आकड्यांच्या भागापुढे खूण करा आणि तिथले नम लॉक माउसने बंद करा.

प्रश्न : पासवर्ड नक्की बरोबर आहे, तरी लॉगिनच्या पडद्यावर चुकीचा ठरतो.

उत्तर : त्या पडद्यावरचा लेआउट तुमच्या नेहमीच्या लेआउटपेक्षा वेगळा असू शकतो. पासवर्डमध्ये चिन्हे असतील, तर तीच बदलतात. खालच्या कोपऱ्यात भाषेची खूण दिसते, तिथून लेआउट बदला. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या खुणेवर क्लिक केले, की प्रत्यक्ष काय उमटते आहे तेही कळते.

प्रश्न : कीबोर्डवर गोड पेय सांडले. वाळल्यावर एक बटण दाबले की दोन अक्षरे येतात आणि काही बटणे मेली आहेत. दुरुस्ती शक्य आहे का?

उत्तर : वायरचा साधा कीबोर्ड असेल, तर बऱ्याचदा शक्य आहे. आधी तो दुसऱ्या संगणकाला जोडून पाहा. तिथेही तसेच झाले, तर दोष कीबोर्डमध्येच.

अशा कीबोर्डच्या पोटात प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक रेषा छापलेल्या असतात, मधल्याला फक्त भोके असतात. बटण दाबले, की त्या भोकातून वरची रेष खालच्या रेषेला टेकते. शंभराहून अधिक बटणांसाठी तेवढ्या स्वतंत्र वायरी नसतात. आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. साखरेच्या चिकट थराने शेजारच्या दोन रेषा जोडल्या गेल्या, की एका बटणाबरोबर दुसऱ्याचाही संकेत जातो. एखादी रेष तुटली, तर तिच्यावरची सगळी बटणे एकदम मरतात. म्हणून बिघडलेल्या अक्षरांची यादी करून ठेवा. साफसफाईनंतर पडताळायला ती लागते.

वायर काढा आणि बटणांचा फोटो घ्या. मागचे सगळे स्क्रू काढा. एखादा लेबलखाली दडलेला असतो, झाकण अडले तर जोर न लावता तो शोधा. रबराचा थर उचलून पापुद्रे बाहेर काढा. ते एकमेकांना चिकटवलेले नसतील, तरच वेगळे करा. किमान ९० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धागे न सुटणारे कापड किंचित ओले करून हलक्या हाताने पुसा. छापील रेषा घासल्या तर निघून येतात. ॲसिटोन अजिबात नको, त्याने प्लॅस्टिक खराब होते. हेअर ड्रायरही नको, पापुद्रे आक्रसतात. पंख्याखाली ४८ तास वाळू द्या. जोडताना पापुद्र्याची पट्टी छोट्या सर्किट बोर्डावर जिथे दाबली जाते, तिथले स्क्रू नीट आवळा. ते सैल राहिले, की साफ केलेल्या कीबोर्डवरही अक्षरांची अख्खी रांग बंद दिसते. रेष काळी पडून तुटली असेल, तर मात्र कीबोर्ड बदलणेच बरे.

हे सगळे लॅपटॉपवर करू नका. तिथे द्रव मदरबोर्डपर्यंत जातो. चार्जर काढा, पॉवरचे बटण सुमारे १० सेकंद दाबून धरून लॅपटॉप बंद करा आणि ‘चालतो का’ हे पाहायलाही पुन्हा सुरू न करता दुरुस्तीला द्या.

प्रश्न : वायरलेस कीबोर्डवर एकच अक्षर कधी पाच-सहा वेळा येते, कधी येतच नाही.

उत्तर : बटण सुटल्याचा संकेत वाटेत हरवला, की संगणकाला ते अजून दाबलेलेच वाटते आणि अक्षर उमटत राहते. आधी सेल बदला. रिसीव्हर, म्हणजे कीबोर्डचा संकेत झेलणारा संगणकात खोचलेला छोटा तुकडा, यूएसबी ३ च्या पोर्टात किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कशेजारी असेल, तर तिथून हलवा. यूएसबी ३ च्या उपकरणांमुळे रेडिओ लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि बहुतेक रिसीव्हर त्याच पट्ट्यात चालतात. एक मीटरची एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर कीबोर्डजवळ आणला, तर फरक लगेच कळतो.

प्रश्न : विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड घेतला, पण एम दाबले की ‘स’ येतो, पी वर ‘ज’. शिवाय ‘आचाऱ्यांना’ लिहायला गेले की ‘आचार्यांना’ होते.

उत्तर : तो इन्स्क्रिप्ट लेआउट आहे, त्यात अक्षरे इंग्रजी उच्चारांप्रमाणे मांडलेली नसतात. उच्चारांप्रमाणेच लिहायचे असेल, तर मराठीच्या लँग्वेज ऑप्शन्समध्ये ‘मराठी फोनेटिक’ जोडा. मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून तो मिळतो. ‘ऱ्य’चा प्रश्न वेगळा आहे, त्याचा र स्वतंत्र आहे. इन्स्क्रिप्टमध्ये नुसत्या जे वर ‘र’ आहे, शिफ्ट धरून जे दाबले की ‘ऱ’. त्यामागोमाग हलन्तासाठी डी आणि ‘य’साठी तिरक्या रेघेचे बटण दाबा, म्हणजे स्वयंपाक करणारे आचारी गुरुजी होणार नाहीत.