पानथरी हाताला लागत नाही, म्हणजे उतरली का?

"ताई, तीन महिने झाले, हाताला काहीच लागत नाही. पानथरी उतरली म्हणायची ना आता?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. शेजारी त्यांचा चार वर्षांचा मुलगा, 'एसएस' प्रकारचा सिकलसेल, म्हणजे आईवडील दोघांकडूनही जनुक आलेला रक्ताचा आनुवंशिक आजार असलेला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांनी वही पुढे सरकवली. मुलाचं पोट रोज चाचपून पानथरी, म्हणजे प्लीहा, बरगडीखाली किती बोटं लागते याची त्या नोंद ठेवत. सुरुवातीला 'दोन बोटं'. एका पानावर घाईघाईने लिहिलेलं, 'चार बोटं, पांढरा पडला, दवाखाना, रक्त चढवलं.' पुढे 'एक बोट'. आणि शेवटच्या पानांवर नुसत्या आडव्या रेघा. त्या रेघांच्या भरवशावर जंतुसंसर्ग टाळण्यासाठी रोज द्यायचं पेनिसिलीन त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी बंद केलेलं होतं.

चूक माझी होती. पोट चाचपायला मीच शिकवलं होतं. मुलाला उताणं झोपवा, गुडघे दुमडा, डाव्या बरगडीखाली बोटं अलगद दाबा. "नेहमीपेक्षा मोठी लागली तर लगेच निघा," हेही बजावलं होतं. पण लागेनाशी झाली तर काय समजायचं, याबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते. मग आईने सरळ हिशोब केला. मोठी होणं वाईट, तर लहान होणं चांगलं.

पानथरी ही रक्ताची गाळणी आहे. तिच्यातल्या वाटा फार अरुंद, तिथे रक्त रेंगाळतं आणि ऑक्सिजन कमी पडतो. सिकलसेलच्या तांबड्या पेशी नेमक्या अशाच जागी विळ्यासारख्या वाकून अडकतात. अडकल्या की तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो मरतो, तिथे व्रण उरतो. असं वारंवार होत होत 'एसएस' असलेल्या बऱ्याच मुलांची पानथरी पाचेक वर्षांपर्यंत आक्रसून जाते. जन्मानंतरचे पहिले काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळून घेतं, म्हणून तेव्हा काही जाणवत नाही. पण त्यानंतर गाळणीचं काम अनेकदा वर्षाच्या आतच ढासळायला लागतं, पानथरी हाताला चांगली मोठी लागत असतानाच. आकारावरून कामाचा अंदाज येत नाही, तो असा.

त्यांच्या फाइलमध्येच याचा पुरावा होता. रक्ताच्या तपासणीत 'हॉवेल-जॉली बॉडीज' दिसल्याची नोंद होती. हे पेशीकेंद्रकाचे उरलेले कण. धडधाकट पानथरी ते पेशीतून वेचून काढते. ते रक्तात दिसतात, म्हणजे वेचणारं कुणी राहिलेलं नाही.

त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी उगाच चाचपत होते?"

अजिबात नाही. ते 'चार बोटं'चं पान मी पुन्हा उघडलं. पानथरीत अचानक रक्त कोंडतं तेव्हा हिमोग्लोबिन काही तासांत कोसळतं आणि मूल दगावू शकतं. जमैकात १९८५ च्या सुमारास आईवडिलांना पानथरी चाचपायला शिकवल्यावर अशा झटक्यांतले मृत्यू कमी झाल्याचं दिसलं होतं. त्या रात्री यांच्या बोटांनीही तेच केलं होतं.

पुढचा प्रश्न त्यांनी खाली बघत विचारला. "तीन आठवडे औषध चुकलं... काही झालं असेल का?" ताप आला नव्हता, मुलगा खेळत होता. डॉक्टरांनी तपासून त्याच दिवशी पेनिसिलीन पुन्हा सुरू केलं, वयानुसार २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. (तीन वर्षांपर्यंत हाच डोस १२५ असतो.) पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत तरी ते चालू ठेवायचं, पुढचं डॉक्टर ठरवतील. न्यूमोकोकससारख्या जाड आवरणाच्या जंतूंना अडवायचं मोठं काम पानथरीचं. ती थकली की ते रक्तात मोकाट सुटतात. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत पेनिसिलीन घेणाऱ्या मुलांत न्यूमोकोकसचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हीमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी) या जंतूंविरुद्धच्या लसी याच कारणासाठी असतात, पण लस झाली म्हणून गोळी सुटत नाही.

तापाबद्दल मात्र मी जरा कडक आवाजातच बोलले. १०१ च्या वर गेला की निघायचं. मूल हसतंय, सकाळपर्यंत बघू, पॅरासिटामॉलने उतरला, यातलं कुठलंच कारण चालणार नाही. अशा मुलांत जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो, आणि शिरेतून अँटिबायोटिक वेळेत मिळणं हाच उपाय.

"पानथरी परत येईल?" व्रण पडलेला भाग परत येत नाही, हे मी तसंच सांगितलं. गोड करून सांगण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं. वहीत दोन नवे रकाने आखले, 'गोळी सकाळ-रात्र' आणि 'ताप'. मग पेन थांबलं. "बोटांचा रकाना काढून टाकू?"

काही मुलांत, विशेषतः गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकलेल्यांत, पानथरी बरीच वर्षं राहते, आणि रक्त कोंडण्याचा झटका उशिरानेही येऊ शकतो.

"राहू दे," मी म्हटलं. "रेघ मारत राहा."