मुका मार आणि पोटातल्या मोठ्या शिरा

प्रश्न : मोटारसायकलचं हँडल भावाच्या पोटात बसलं. वर खरचटलंही नव्हतं, तरी आत मोठी शीर फाटली. असं कसं?

उत्तर : मुका मार असाच फसवतो. हँडल आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये पोर्टल शीर चेंगरते. यकृताचं सुमारे ७५ टक्के रक्त तिच्यातूनच येतं. धडक वेगाची असेल तर गाडी थांबते, पण जड यकृत पुढे रेटलं जातं. मग त्यामागच्या आखूड शिरा हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मुख्य शिरेपासून, म्हणजे व्हेना कॅव्हापासून, उपटल्यासारख्या फाटतात.

प्रश्न : अपघातानंतरची सोनोग्राफी नॉर्मल होती, सीटी स्कॅनमध्ये मात्र रक्तस्राव दिसला. सोनोग्राफी चुकली का?

उत्तर : नाही. तातडीची सोनोग्राफी पोटाच्या पोकळीत मोकळं रक्त आहे का, एवढंच पाहते. व्हेना कॅव्हा त्या पोकळीच्या मागे, कण्यालगत असते आणि तिथलं रक्त बऱ्याचदा तिथेच साकळून राहतं. बीपी टिकून असेल तर कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी करावा. बीपी कोसळत असेल तर स्कॅनच्या रांगेत नव्हे, थेट ऑपरेशन थिएटरमध्ये!

प्रश्न : सर्जननी वडिलांच्या पोटात मॉप (रक्त दाबून धरणाऱ्या कापडी घड्या) ठेवूनच ऑपरेशन थांबवलं. हा निष्काळजीपणा नाही का?

उत्तर : बहुधा उलटच. साकळलेल्या रक्ताचा दाब गळती रोखून धरतो. पोट उघडलं की तो जातो. अशा वेळी यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमट्यात धरतात. प्रिंगल या सर्जननी १९०८ मध्ये सांगितलेली ही युक्ती. तरीही मागून काळसर रक्त भरतच राहिलं, तर फाटलेली शीर यकृतामागे आहे असं समजायचं. तिथे टाके घालण्याच्या नादात रुग्ण टेबलावरच जाऊ शकतो. शिरेतला दाब मुळात कमी, त्यामुळे मॉप घट्ट बसवले की रक्त बरेचदा थांबतं. शरीर गार पडलेलं, रक्त आम्लधर्मी झालेलं, गुठळी धरत नाही. अशा वेळी हात आवरणारा सर्जन मला जास्त शहाणा वाटतो. साधारण २४ ते ४८ तासांनी, रुग्ण सावरल्यावर, मॉप काढतात. किती ठेवले याची नोंद केसपेपरवर आहे का, हे जरूर विचारा.

प्रश्न : रक्तस्राव थांबवायला व्हेना कॅव्हा बांधून टाकली. आता पाय सुजतात.

उत्तर : किडनीच्या शिरांच्या खाली बांधली असेल तर शरीर बाजूच्या शिरांतून वाट काढतं. पाय उंचावर ठेवा, पट्ट्या बांधा. अचानक एकच पाय जास्त सुजला किंवा दम लागला तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.