काजळचा रविवार

दोंडाईचाजवळच्या एका गावातून आलेलं हे पत्र. लिहिणारी मुलगी जळगावला विद्यापीठात एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. पत्र बरंच मोठं आहे, त्यातला कामाचा भाग तेवढा देतो.

‘सर, आमच्या घरी आजोबांपासून घोडी आहे. आताची काजळ सारंगखेड्याच्या जत्रेतून दोन दाती असताना आणलेली. तिच्यावर मी रेवाल चालीच्या, म्हणजे स्वाराला हिसके न देता भरभर चालण्याच्या, स्पर्धांत उतरते. मागच्या वर्षी ४० किलोमीटरची एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची शर्यतही पूर्ण केली. सोमवार ते शुक्रवार होस्टेल, शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने घरी, दोन दिवस घोडीवर आणि सोमवारी पहाटे परत. मैत्रिणी कधी पाटणादेवीला, कधी मनुदेवीला जातात. गेले की काजळचं पाप लागेल असं वाटतं, नाही गेले की आपण म्हाताऱ्या झालो असं वाटतं. मागच्या महिन्यात शनिवारी तिला नेहमीसारखी पळवली आणि अर्ध्या तासात ती मागचे पाय आखडून जागीच उभी राहिली. घामाने ओलीचिंब, लघवी कॉफीच्या रंगाची. डॉक्टरांनी सुया दिल्या, आता बरी आहे. पप्पा म्हणतात विकून टाकू, शिक्षण महत्त्वाचं. मला वाटतं उलट एम.एस्सी. सोडावं आणि घोड्यांतच करिअर करावं. इंदूरच्या सुदिप्ती हजेलाने केलंच ना? आजोबा एवढंच म्हणतात, “घोडीले रविवार नही ऱ्हास,” म्हणजे घोडीला रविवार नसतो. मी काय करू?’

बेटा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा फक्त घोडीचा भाग वाचला, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. मी जनावरांचा डॉक्टर नाही, म्हणून एका पशुवैद्य मित्राला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘पाच दिवस घोडी काय करते?’ मी पत्र पुन्हा चाळलं. त्यात ते कुठेच नाही. शुक्रवार रात्र ते सोमवार पहाट एवढंच तू लिहिलं आहेस.

मित्र म्हणाला, लक्षणांवरून हा ‘सोमवारचा आजार’ वाटतो. पूर्वी गाड्या ओढणारे घोडे सहा दिवस राबायचे. रविवारी पागेत उभे राहायचे, पण तोबऱ्यातला दाणा कामाच्या दिवसाइतकाच मिळायचा. सोमवारी सकाळी जुंपले की थोड्याच अंतरावर मागचा भाग लाकडासारखा कडक व्हायचा. स्नायू आतून तुटतात, त्यातलं रंगद्रव्य लघवीत उतरतं, म्हणून तो काळपट रंग. जास्त झालं तर मूत्रपिंडांवरही जातं. निदान तुझ्या डॉक्टरांनीच पक्कं करायचं, रक्त तपासून. पण हिशेब सरळ आहे. काजळचा रविवार सोमवारी सुरू होतो आणि शुक्रवारपर्यंत चालतो. पाच दिवस दाण्यावर उभी राहिलेली घोडी तू शनिवारी दोन तास पळवायला काढतेस.

तुझं स्वतःचं वेळापत्रकही याच चालीचं आहे, हे मी सांगायला नको. पाच दिवस लॅबच्या स्टुलावर, मग दोन दिवसांत सगळं. आठवड्याला पाच तास रेल्वेत जातात ते वेगळेच. ‘गाडीत वाचत जा’ असं तुला दहा जणांनी सांगितलं असेल. ज्यांनी सांगितलं त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी नंदुरबारकडे जाणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यात कधी पाय ठेवलेला नाही.

तेव्हा एम.एस्सी. की घोडी, हा वाद थोडा बाजूला ठेव. आधी हे ठरव की सोमवार ते शुक्रवार काजळला कोण फिरवणार. धाकटा भाऊ असेल, काकांचा मुलगा असेल, गावातला एखादा जाणता पोरगा असेल, त्याला महिन्याला काही पैसे द्या. रोज पाऊण तास, खोगीर नाही घातलं तरी चालेल, लांब दोरावर गोल फिरवली तरी पुष्कळ. स्पर्धेतल्या घोडीवर दुसऱ्या कुणी हात ठेवायचा नाही, ही तुझी अट पत्रात दोनदा आली आहे. ती मोड. तुझा मान त्याने कमी होणार नाही, घोडीचे पाय मात्र वाचतील.

आता वर्षाचा हिशेब बघू. पोरं माझ्याकडे येतात तेव्हा रोजचं वेळापत्रक मागतात, पाच ते सहा घोडी, सहा ते आठ अभ्यास, असलं. रंगीत पेनांनी ते छान दिसतं आणि तिसऱ्या आठवड्यात भिंतीवरून खाली येतं. तू शेतकऱ्याच्या घरची आहेस. कापूस आणि हरभरा एकाच महिन्यात पेरत नाहीत, हे तुला मी शिकवायचं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तुझी एम.एस्सी. चार सत्रांची, ८८ क्रेडिटची. प्रत्येक सत्राला साधारण २२. दुसऱ्या सत्रात, म्हणजे आत्ता, ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे, सुमारे १२० तासांचं. तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्प ४ क्रेडिटचा, चौथ्यात ६ चा. विभागात जाऊन एकदा पडताळून घे. म्हणजे भार पुढे वाढत जाणार आहे. पहिल्या वर्षीच तुझी दमछाक झाली असेल तर दुसऱ्या वर्षाची तयारी आत्ताच करायला हवी.

घोड्यांचा हंगामही बघ. पावसाळ्यात तापीकाठच्या काळ्या मातीत घोडी पळवणं म्हणजे पाय मोडून घेणं, त्यामुळे जून ते सप्टेंबर नुसती चाल. सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची जत्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला. २०२५ मध्ये दत्तजयंती ४ डिसेंबरला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती २३ डिसेंबरला येते. या एकोणीस दिवसांच्या फरकाने तुझी हिवाळी परीक्षा आणि रेवालची स्पर्धा एकमेकींवर आपटू शकतात. परीक्षेचं वेळापत्रक हातात पडल्याशिवाय नाव नोंदवू नकोस. आपटल्या तर त्या वर्षी काजळ जत्रेला नाही गेली तरी चालेल. सत्र राहिलं तर ते पुढच्या वर्षी डोक्यावर बसतं. एन्ड्युरन्स करायचीच असेल तर फेब्रुवारीतली एकच धर, आणि तिची तयारी दसऱ्यापासून. या शर्यतीत नुसतं पोहोचून भागत नाही. थांब्यावर ठरलेल्या वेळेत घोडीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ पर्यंत खाली यावे लागतात, नाहीतर बाद. तो दम शनिवार-रविवारच्या धावण्याने येत नाही, रोज थोडं थोडं चालवल्यावर तीन-चार महिन्यांनी येतो. म्हणजे पुन्हा त्या पाऊण तासावर आलो.

सुदिप्तीचं तू लिहिलंस. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घेण्याच्या, सांघिक प्रकारात आपल्याला सुवर्ण मिळालं, घोडेस्वारीतलं १९८२ नंतरचं पहिलं. सुदिप्ती त्या संघात होती. इंदूर तुमच्यापासून शिरपूर-सेंधव्याच्या रस्त्याने काही तासांवर, म्हणून ती आपल्यातली वाटते, आणि वाटावीच. पण ती आणि तिचे साथीदार वर्षानुवर्षं युरोपात राहून, तिथल्या घोड्यांवर, तिथल्या प्रशिक्षकांकडे तयार झाले. त्यामागे घरच्यांचा केवढा पैसा आणि किती वर्षं उभी होती ते बघ. तुझी मेहनत कमी आहे असं मी म्हणत नाही. जत्रेतल्या रेवालपासून तिथे जाणारा सरळ रस्ता नाही, एवढंच म्हणतो. एम.एस्सी. सोडून तू त्या रस्त्याला लागणार नाहीस, नुसती घरी येऊन बसशील.

एक गोष्ट लगेच सांगून ठेवतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, ते डोळ्यांपुढे ठेवून काही मुलं स्पर्धांमागे लागतात. जत्रेतली ढाल तिथे चालत नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या ठराविक पातळीच्या स्पर्धेचंच प्रमाणपत्र लागतं आणि त्याचीही पडताळणी होते. धुळ्याला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आधी विचार, मग प्रवेश फी भर.

आता जे तुला कुणीच सांगितलेलं दिसत नाही ते सांगतो. तू सूक्ष्मजीवशास्त्र आणि घोडी या दोन दिशा समजतेस. तुमच्या शेतात कुणाला घोणस चावली तर सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ते कुठून येतं? घोड्याच्या रक्तातून. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेत, वाढवत वाढवत टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, मग प्लाझ्मा वेगळा काढून शुद्ध करतात. लस आणि सीरम बनवणाऱ्या मुंबईच्या हाफकिनचे घोडे पिंपरीला आहेत, नारायणगावलाही सर्पविषावरचं सीरम तयार होतं. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली उभी राहिली ती एका स्टड फार्मवाल्या घरातून. शर्यतीतून निवृत्त झालेले त्यांचे घोडे सीरमसाठी हाफकिनला जायचे. हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, बिकानेरला त्याची शाखा. ग्लँडर्ससारख्या रोगांसाठी घोड्यांच्या रक्ताची तपासणी तिथे होते. ग्लँडर्स जिवाणूमुळे होतो आणि माणसालाही लागतो, हे तू वर्गात शिकली असशीलच. वर्गात शिकलेलं आणि पागेत पाहिलेलं, दोन्ही ज्याच्याकडे आहे असा उमेदवार अशा ठिकाणी रोज येत नाही.

तुझ्या पदवीवर तू घोड्यांची डॉक्टर होणार नाहीस. त्यासाठी नीट आणि पुढे साडेपाच वर्षं, तो विचार आता करू नकोस. पण प्रयोगशाळेत, सीरम आणि लसीच्या उत्पादनात, गुणवत्ता तपासणीत तुला जागा आहे. ट्रेनिंगचे ते १२० तास अशा एखाद्या ठिकाणी मिळतात का ते बघ. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन आत्ताच अर्ज टाक, मे महिन्यात नाही. सगळीकडून होकार येणार नाही, तरी पाच-सहा ठिकाणी लिही. तिसऱ्या सत्राच्या प्रकल्पाला विषय हवाच आहे. पावसाळ्यात घोड्यांच्या खुरांच्या तळव्याला कुज लागते, तिच्यातले जिवाणू कोणते आणि कोणत्या औषधाला दाद देतात, हे तुझ्या गाईडना विचारून बघ. नमुने गोळा करायला तुझ्याइतक्या ओळखी वर्गात कुणाच्या नसतील.

राहिल्या मैत्रिणी. पत्रावरून दिसतं की काही कापायचं झालं तर तू आधी हेच कापशील. मला ते पटत नाही. महिन्यातले दोनच शनिवार-रविवार घरी जा. एक जळगावात जर्नल पूर्ण करायला ठेव. आणि एक मैत्रिणींबरोबर, पाटणादेवी, पाल, उनपदेव, पद्मालय, जिथे जाल तिथे. हिवाळ्यात बामणोदच्या वांग्यांचं भरीत एखाद्या शेतात पऱ्हाटीवर भाजलं जातं, सोबत कळण्याची पुरी असते, तेव्हा तू दोंडाईचाला घोडीच्या पाठीवर पाप मोजत बसलेली असू नयेस. यात काजळचंही नुकसान नाही. तिला रोज फिरवणारं माणूस मिळालं की तू एक रविवार गेली नाहीस तर तिचं काही अडत नाही. आजोबांचं वाक्य खरं आहे, पण ते घोडीबद्दल बोलले, तुझ्याबद्दल नाही.

पप्पांशी बोलताना ‘विकू नका’ एवढंच म्हणू नकोस. घोडीला महिन्याला किती लागतं, फिरवणाऱ्या पोराला किती द्यायचे, स्पर्धा दोनच्या वर नाहीत, हे कागदावर मांडून दे आणि एक वर्षाची मुदत माग. बापाला आकडे दिसले की आवाज खाली येतो, हा माझा अनुभव आहे. मीही बापच आहे. वर्षभरात फिरवणारं माणूस टिकलं नाही आणि काजळ पुन्हा थानावर उभीच राहू लागली, तर मात्र ती रोज चालवणाऱ्या चांगल्या घरी द्यायला तू स्वतः तयार हो. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही.

बाकी सगळं सावकाश कर. दाण्याचं मात्र आज रात्रीच घरी फोन करून सांग. ज्या दिवशी काजळ कामाला जाणार नाही त्या दिवशी दाणा निम्म्याखाली आणायचा, चारा आणि पाणी भरपूर, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाठीवर खोगीर चढवायचं नाही.