कंपनी सीएसआरमध्ये (कायद्याने करायच्या सामाजिक खर्चातून) शाळा बांधते पण सप्लायरचं पेमेंट १२० दिवस लटकवते, हे चालतं का?

नाही, आणि सीएसआरचा याच्याशी तसा संबंधच नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्चावे लागतात, पण रोजच्या धंद्यातलं काही त्यात धरत नाहीत, त्यामुळे सप्लायरला कसं वागवता हे त्या हिशोबात येतच नाही.

खरं एथिक्स दिसतं ते परचेस आणि अकाउंट्समध्ये. भोसरी-चाकणचा छोटा जॉबवर्कवाला माल देतो, जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला खिशातून भरतो, कामगारांचा पगार ओडीतून (बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून) काढतो, आणि कंपनीकडून उत्तर काय तर "जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला नाही", मग दोन महिन्यांनी रिजेक्शनची डेबिट नोट, म्हणजे माल नापास म्हणून बिलातून कपात! म्हणजे बिनव्याजी कर्ज कोण कोणाला देतंय बघा.

तुम्ही छोटे सप्लायर असाल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. एमएसएमईडी कायदा २००६ (छोट्या उद्योगांसाठीचा कायदा) नुसार लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आल्यापासून मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी करपात्र नफ्यातून वजा मिळत नाही, प्रत्यक्ष दिला त्याच वर्षी मिळतो, म्हणून मार्च आला की फोन न उचलणारे अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात 😄

उशिराच्या पेमेंटची सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, पण पुढची ऑर्डर जाईल म्हणून लोक करत नाहीत, आणि ती भीती खोटी नाहीये. निदान उद्यम नंबर (छोट्या उद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक) प्रत्येक बिलावर टाका. मीडियम युनिट किंवा निव्वळ ट्रेडर असाल तर मात्र हे ४५ दिवसांचं संरक्षण नाही.