जुनी गिटार घेताय? आधी मान बघा

१९६०-७०च्या दशकांतली जपानी यामाहा एफजी-१८० मिळत असेल तर जरूर बघायला जा. वरची पाटी प्लायवुडची असूनही तिचा आवाज मोकळा असतो. ओरखडे, पिकने (तारा छेडायच्या चकतीने) झिजलेलं पॉलिश यांना घाबरू नका. नवशिके नेमके त्यावरच भाव पाडत बसतात आणि मान, म्हणजे जिच्यावर तारा दाबतो तो लांब दांडा, बघायची राहून जाते.

बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर), जाड सहाव्या तारेखालचं अंतर मोजा. अडीच-तीन मिलिमीटर ठीक. चार-पाच असेल तर ब्रिजवरचा (तारा जिथे गिटारच्या अंगाला अडकवलेल्या असतात त्या लाकडी तुकड्यावरचा) सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती छोटी पट्टी, बघा. तो आधीच घासून बुटका केलेला असेल, तर तारा आणखी खाली घ्यायला जागाच नाही. मग उपाय उरतो तो मान सोडवून पुन्हा बसवण्याचा, आणि ते फार खर्चिक काम आहे. अशी गिटार कितीही देखणी असो, सोडून द्या. बोटं दुखून शिकणंच थांबतं.

आणखी दोन गोष्टी:
- प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, खरखर ऐका.
- ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतोय का, पाहा. सरकला तर ब्रिज सुटतोय.

घरी आणल्यावर लाइट किंवा एक्स्ट्रा लाइट तारा लावा, जाड नकोत. ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई), पिकअप (आवाज अ‍ॅम्प्लिफायरकडे नेणारा भाग) वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. जाताना एखाद्या वाजवणाऱ्याला सोबत न्या, आणि घेतलीत की कळवा!