सही थरथरते, पण खातं तुमचंच

प्रश्न : मी ७४ वर्षांची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. दोन वर्षांपासून उजवा हात थरथरतो. गेल्या महिन्यात पेन्शन काढायला गेले तर सही जुळत नाही म्हणून स्लिप तीनदा परत आली. काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे न बघता सुनेशीच बोलत होता : "आजींना कशाला आणता? मुलाच्या नावाने खातं जॉइंट करून टाका." आता घरातही तोच धोशा आहे. मुलगा वाईट नाही, पण घराचा हिशोब मी आजही स्वतः लिहिते. मी काय करावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : बाई, कुणी घाई करतंय म्हणून खातं जॉइंट करू नका. मी ३४ वर्षं बँकेत काढली. 'दोघांपैकी कोणीही' असं खातं केलं की तुमच्या हयातीतच, तुम्हाला न विचारता, मुलाला सगळी रक्कम काढता येते. तो काढणार नाही, हे मला मान्य. पण तुमची अडचण सहीची आहे, तिच्यावर हा उपाय नाही. तुमच्या मागे बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यावेत यासाठी नॉमिनेशन असतं, आणि त्याने तुमच्या आजच्या व्यवहाराला धक्का लागत नाही.

सहीसाठी बँकेला अर्ज द्या : वयामुळे माझी सही बदलली आहे, नवी नमुना सही घ्यावी. पासबुक आणि ओळखपत्र सोबत न्या. हात स्थिर असेल तो दिवस शोधत बसू नका, रोज होते तशीच सही द्या. लांबलचक पूर्ण नावापेक्षा आद्याक्षर आणि आडनाव बरं. जितकी वळणं कमी, तितका फरक कमी. उभ्याने काउंटरच्या कडेवर सही करू नका. खुर्ची मागा, कोपर टेबलावर टेकवा.

कुणी म्हणेल, सरळ अंगठा उठवा. तशी सोय आहे. वृद्ध किंवा आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठा चालतो. तो दोन साक्षीदारांनी ओळखायचा आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. पण ज्या बाईंनी आयुष्यभर मुलांना पहिली सही गिरवायला शिकवली, त्यांच्यापुढे कुणी सहज शाईचा पॅड सरकवावा, हे मला सहन होत नाही. हात अगदीच चालेना झाला तर तो मार्ग आहेच. आज नको.

हे मी पोटतिडकीने लिहिते, कारण चूक माझ्याही हातून झाली आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका शाखेत एक म्हातारे शेतकरी यायचे. त्यांची नमुना सही मोडी लिपीत होती. हात थरथरायला लागल्यावर अक्षरं एकमेकांना जोडली जाईनात. दोनशे रुपयांची स्लिप मी परत केली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजोबा, मुलाला घेऊन या." ते म्हणाले, "मुलगा वारला, बाई." आमच्या हेडक्लार्कनी त्यांना आत नेऊन बसवलं, पाणी दिलं, स्वतः साक्षीदार झाले. दहा मिनिटांचं काम होतं. त्यांना बहिरेपणा नव्हता, व्यवहार चोख कळत होता. मी मात्र हाताकडे बघून डोक्याचा अंदाज बांधला होता.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये व्यापारी बँकांना सांगितलं आहे की ज्येष्ठांसाठी वेगळा किंवा प्राधान्याचा काउंटर हवा, आणि ७० च्या पुढच्यांना पैसे घरी पोचवण्यासारख्या सेवा द्याव्यात. शाखाधिकाऱ्यांना या सूचनेबद्दल विचारा. अर्जाची पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह. लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. बहुतेक वेळा पोच मागितल्यावरच काम हलतं, हा माझा अनुभव.

सुनेला सोबत जरूर न्या. पायऱ्या आहेत, गर्दी आहे. तिला माझं एवढंच सांगणं. काउंटरवरून प्रश्न तिच्याकडे आला की तिने म्हणावं, "खातं सासूबाईंचं आहे, त्यांना विचारा," आणि एक पाऊल मागे उभं राहावं.